भाताचे रोप शत्रूला कसे ओळखते?

अलिबाग, प्रतिनिधी : भाताचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रायगडच्या किनारपट्टीवर वादळी सरी कोसळू लागल्या, की शेतकऱ्याला कडा करप्याची धास्ती असते. या रोगात पाने कडेने पिवळी पडून वाळतात आणि लोंबीत दाणे नीट भरत नाहीत. ‘झँथोमोनास ओरायझी’ या जिवाणूमुळे होणाऱ्या या रोगाची भारतातील पहिली शास्त्रीय नोंद १९५९ मध्ये महाराष्ट्रातूनच झाली. रोग बळावल्यावर फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे रोपाची स्वतःची प्रतिकारशक्ती मोलाची ठरते.

माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी गस्त घालतात. वनस्पतीकडे अशी फिरती फौज नसल्याने प्रत्येक पेशीलाच पहारा द्यावा लागतो. जिवाणू पानाच्या कडेवरील जलरंध्रांतून किंवा जखमेतून आत शिरला, की पेशीच्या आवरणातील काही प्रथिने त्याची खूण ओळखतात. लगेच कॅल्शियम पेशीत शिरते, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी तीव्र रसायने तयार होतात आणि संदेश एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात केंद्रकापर्यंत पोहोचतो. तेथे संरक्षक जनुके जागी होतात व पेशीभित्तिका भक्कम केली जाते. अनेक वनस्पतींत ॲस्पिरिनशी नाते सांगणारे सॅलिसिलिक आम्ल दूरच्या पानांनाही सज्ज करण्यास हातभार लावते.

जिवाणूही स्वस्थ बसत नाही. तो आपली प्रथिने पेशीत सोडून भाताचेच साखर बाहेर सोडणारे जनुक सुरू करतो आणि त्या साखरेवर पोसतो.

यावरचा उपाय बियाण्यातच आहे. आफ्रिकेतील जंगली भाताकडून मिळालेले ‘एक्सए २१’ हे जनुक अमेरिकेतील पामेला रोनाल्ड यांच्या चमूने १९९५ मध्ये वेगळे केले. या जनुकापासून बनणारे प्रथिन जिवाणूला ओळखते. ‘एक्सए १३’ असलेल्या भातात साखरेच्या जनुकाची कळच बदललेली असते, त्यामुळे जिवाणूला ती दाबता येत नाही. या दोहोंसह ‘एक्सए ५’ हे जनुक संकराने एकत्र आणून हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये ‘सुधारित सांबा महसुरी’ हे वाण दिले. जिवाणू रूप बदलून एका जनुकाला चकवू शकतो; तिघांना एकदम चकवणे कठीण असते.

म्हणूनच कोकणातील शेतकऱ्याने वाण निवडताना उताऱ्याइतकाच रोगप्रतिकाराचाही विचार करायला हवा. युरिया बेताने द्यावा आणि रोगट खाचरातील पाणी शेजारच्या खाचरात सोडू नये. पहारा रोपाचा असला, तरी त्याला साथ माणसानेच द्यायची आहे.