युती, आघाडी आणि सावड

ज्याच्या दावणीला एकच बैल आहे, त्या शेतकऱ्याने नांगरट कशी करावी? शेजारी दुसरा एक असाच एकबैली शेतकरी असतो. दोघे आपले बैल एका जुवाखाली आणतात. आज तुझे रान, उद्या माझे. ह्या व्यवहाराला आपल्याकडे सावड म्हणतात. आता गावोगाव ट्रॅक्टर आले, तरी हा शब्द अजून जिवंत आहे. सावड केली म्हणून दोन्ही शेते एक होत नाहीत, सातबारा एक होत नाही आणि चूलही एक होत नाही. काम संपले की ज्याचा बैल त्याच्या गोठ्यात. राजकारणातील युती किंवा आघाडी म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने आधी ही सावड नीट डोळ्यांपुढे आणावी.

शब्दांकडेही जरा पाहू या. ‘आघाडी’ हा शब्द लढाईतला. सैन्याची पुढची फळी ती आघाडी. ‘युती’ हा शब्द मात्र पंचांगातला आहे. २१ डिसेंबर २०२० रोजी सूर्यास्तानंतर गुरू आणि शनी आकाशात इतके जवळ दिसले, की साध्या डोळ्यांना ती जणू एकच चांदणी भासावी. ती गुरू-शनीची युती. सुमारे वीस वर्षांनी ती होते. पण दिसायला जवळ असलेल्या त्या दोन ग्रहांमध्ये तेव्हाही कोट्यवधी मैलांचे अंतर होते, आणि प्रत्येक ग्रह आपल्याच कक्षेत फिरत होता. इंग्रजीतला ‘कोअ‍ॅलिशन’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी ‘एकत्र वाढणे’ हा अर्थ आहे. ह्या बाबतीत आपला पंचांगातला शब्द अधिक खरा म्हटला पाहिजे. युतीतले पक्ष एकत्र वाढतातच असे नाही. ते काही काळ एका रेषेत येतात, एवढेच.

मग ही माणसे एकत्र येतात तरी का? आपल्या इतिहासातले एक उदाहरण घेऊ. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रघुनाथराव गादीवर आले. नारायणरावांची पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होती. पुण्यातल्या कारभाऱ्यांनी तिला पुरंदर किल्ल्यावर नेले आणि तिच्या नावाने कारभार सुरू केला. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, मोरोबा फडणीस, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके अशी ही मंडळी होती. इतिहासात त्यांना ‘बारभाई’ म्हणतात.

‘बारभाईंचा कारभार’ असे आपण आज नाक मुरडून म्हणतो. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही, असा त्याचा अर्थ. पण मूळ बारभाईंनी केले काय, ते पहा. एका तान्ह्या मुलाची गादी त्यांनी राखली. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, त्यांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह केला. इंग्रज फौजा घेऊन पुण्याकडे निघाले, तेव्हा जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी त्यांना कोंडीत पकडले. पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी रघुनाथरावांची बाजू सोडून दिली. ज्या कामासाठी युती झाली, ते काम तडीस गेले.

आणि तरीही, युती मात्र टिकली नाही. १७७८ मध्ये मोरोबांनी नानांविरुद्ध उठाव केला आणि ते कैदेत गेले. सखारामबापूंनाही १७७९ मध्ये अटक झाली. असे का झाले असावे? कशाविरुद्ध लढायचे, हे त्यांचे ठरले होते. लढाई चालू असताना कारभारात कोणाचा शब्द शेवटचा, ते ठरले नव्हते. सावड करताना बैल कोणाचे ते ठरले, पण आधी कोणाचे रान नांगरायचे ते राहून गेले. ज्या युतीत हे राहते, तिथे वाफसा आला की भांडण सुरू होते.

आता दुसरे उदाहरण आपल्या राज्याच्या जन्माचे. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तीत कोण कोण होते? प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, हिंदु महासभा, जनसंघ. धर्म, मालमत्ता, परराष्ट्रधोरण, कोणताही प्रश्न काढा, ह्या मंडळींचे एकमत होणे कठीण. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे पक्ष एका मांडवाखाली बसले, कारण मागणी एकच होती आणि ती एका वाक्यात सांगता येत होती : मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर धक्का दिला. १ मे १९६० रोजी राज्य झाले. त्यानंतर समितीची ती पूर्वीची एकजूट राहिली नाही. पक्ष आपापल्या वाटांनी गेले.

पुष्कळ लोक याला समितीचे अपयश म्हणतात. मला तसे वाटत नाही. बेळगावसारखा सीमाभाग राहून गेला, हे दुःख खरेच. पण नांगरट झाल्यावर बैल आपापल्या गोठ्यात गेले, याला कोणी सावड मोडली म्हणत नाही. मोडली म्हणायचे ते अर्ध्या तासावर बैल सोडून नेला तर. युतीचा दोष तिच्या अल्पायुष्यात नसतो. दिलेला शब्द मुदतीच्या आत मोडण्यात असतो.

येथे थोडे गणित मांडू. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना ते वर्गात फळ्यावर घेता येईल. समजा, गावच्या सोसायटीच्या संचालक मंडळात अकरा जण आहेत. त्यांचे तीन गट : पाच, चार आणि दोन. चेअरमन निवडायला सहा मते हवीत. पाच आणि चार मिळून नऊ होतात, पाच आणि दोन मिळून सात, चार आणि दोन मिळून सहा. म्हणजे कोणतेही दोन गट एकत्र आले तरी बहुमत होते, आणि एकट्याने कोणाचेच होत नाही. दोघांच्या गटाचे वजन पाचांच्या गटाइतकेच झाले! लहान पक्षाला युतीत एवढा भाव का येतो, याचे उत्तर इथे आहे. त्यात लबाडी असलीच पाहिजे असे नाही; ते अंकगणित आहे.

हेच गणित दिल्लीत मोठ्या आकड्यांनी चालते. लोकसभेच्या ५४३ जागांत बहुमताला २७२ लागतात. १९८९ पासून २०१४ पर्यंतच्या कोणत्याही निवडणुकीत एका पक्षाला तेवढ्या मिळाल्या नाहीत. २०१४ आणि २०१९ मध्ये मिळाल्या. २०२४ मध्ये पुन्हा मिळाल्या नाहीत. अशा सरकारांतूनच ‘किमान समान कार्यक्रम’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. आपले सगळे पटत नाही, पण एवढे पटते, ते लिहून काढू, असा त्याचा साधा अर्थ. सत्तेचा बाजार मांडला जाऊ नये म्हणून कायद्यानेही कुंपण घातले आहे. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा आला. २००३ च्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या एकूण सभासदांच्या पंधरा टक्क्यांवर जाऊ नये, असे ठरले; लहान राज्यांसाठी किमान बारा मंत्र्यांची सवलत ठेवली. त्याआधी मित्रांना खूश ठेवण्यासाठी मंत्रिमंडळे फुगवता येत होती.

म्हणून गावात, तालुक्यात किंवा राज्यात कोणी हातात हात घालून उभे राहिले, की आपण लगेच टाळ्याही वाजवू नयेत आणि लगेच ‘संधिसाधू’ असा शिक्काही मारू नये. एवढे विचारावे : काम कोणते? मुदत किती? वाटणी काय ठरली, आणि ती चारचौघांत सांगितली का? ह्या तिन्हींची उत्तरे मोकळेपणी मिळाली तर ती सावड आहे. पहिल्या प्रश्नाला घोषणा आणि तिसऱ्याला मौन मिळाले, तर जू कोणाच्या मानेवर यायचे आहे ते आपण मतदारांनी ओळखावे. आपल्या दूध संस्थेत किंवा शाळा समितीत दोन गट एकत्र येत असतील, तर त्यांचे ठरलेले कलम सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी सावड भावाभावांत चालते. सार्वजनिक कामात कागद बरा.