सुपाशेजारची गोळ्यांची पट्टी

15 सप्टेंबर 2020 पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली, तेव्हा सिन्नरच्या मोहल्ल्यात आम्ही काही शिक्षक घरोघर फिरलो. ताप मोजायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि विचारायचे : शुगर, बीपी, दमा, हृदयाचे किंवा किडनीचे दुखणे? बहुतेक घरी एकच उत्तर, “अल्हम्दुलिल्लाह, काही नाही.”

एका घरी साठी उलटलेल्या खाला विड्या वळत होत्या. ऑक्सिजन 97. त्याही नाहीच म्हणाल्या. आम्ही बाहेर पडलो तोच सून मागे आली. ओढणीआडून तिने मेटफॉर्मिनची पट्टी दाखवली. “नाव लिहिलं तर अम्मींना उचलून नेतील, म्हणून सुपाखाली लपवली.” त्या दिवसांत ही भीती घरोघर होती, तिला काय बोलणार? नोंद मात्र दुरुस्त केली.

कोरोनात वाढते वय हा सर्वांत मोठा धोका. त्यात मधुमेह ताब्यात नसला, वजन फार असले किंवा विडीच्या धुराने फुप्फुसे आधीच थकलेली असली, तर तापाचा न्यूमोनिया व्हायची भीती जास्त. धाप न लागताही ऑक्सिजन घटतो, म्हणून तर ते बोटाचे यंत्र. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसने गाठले तेही मुख्यतः साखर वाढलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांनाच.

1 मार्च 2021 पासून 45 ते 59 वयाच्या आजारी लोकांना लस मिळू लागली. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला हवा होता. सप्टेंबरात “काही नाही” म्हणालेले काहीजण तेव्हा शुगरचे जुने कागद घेऊन आमच्याकडे आले.