नाशिकचे खरे बारा

नाशिकला खरे बारा वाजतात ते घड्याळातल्या बारा पस्तीसला. भूगोल शिकवताना मी मुलांना मैदानावर नेऊन काठी रोवायला लावत असे. सावली सर्वांत आखूड कधी होते ते टिपायचं, बस. बाराला ती कधीच होत नाही. फेब्रुवारीत पावणेएक उलटून जातो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा-अठराच्या आसपास होते. वर्षाची सरासरी बारा पस्तीस.

आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरची, मिर्झापूरजवळची. नाशिक ७३.८ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, तिथूनच ही पस्तीस मिनिटं येतात.

ही वेळ लागू झाली १ जानेवारी १९०६ला. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेने धावे आणि मुंबई आपली वेळ पाळे. मुंबईने ती सहजासहजी सोडली नाही. महापालिकेची घड्याळं पुढची कित्येक वर्षं ३९ मिनिटं मागेच होती! दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, सरकारने देशभरची घड्याळं आणखी तासभर पुढे नेली. त्या काळात नाशिकचा सूर्य माथ्यावर येईतो दीड वाजून गेलेला असे.

अमेरिकेत हे दरवर्षी घडतं. माझी मुलगी न्यू जर्सीत असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनचे एकदम तीन होतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तो तास परत मिळतो. म्हणून तिच्या-माझ्यात हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर, उन्हाळ्यात साडेनऊ. ॲरिझोना हे बहुतांशी पाळतच नाही. युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतो, ऐन द्राक्षांच्या हंगामात. लंडनशी व्यवहार असलेल्या आपल्या निर्यातदारांचं साडेपाच तासांचं अंतर तेव्हा साडेचारवर येतं.

तिकडे या खटाटोपाला अर्थ आहे. लंडनचा जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा, डिसेंबरमधला आठ तासांचाही भरत नाही. नाशिकचा सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, लहान अकराच्या जवळपास. इतक्याशा फरकासाठी घड्याळ हलवून आपल्या हाती काय लागणार?

आसामची गोष्ट मात्र निराळी. दिब्रुगडला खरे बारा अकरा-दहालाच होतात, नाशिकच्या जवळपास दीड तास आधी. तिथल्या मळ्यांत म्हणूनच तासभर पुढची ‘चायबागान वेळ’ चालत आली आहे. ईशान्येकडून वेगळ्या वेळेची मागणी पुन्हा पुन्हा होते, ती मला अगदी रास्त वाटते. निदान शाळा आणि कचेऱ्या तरी तिथल्या सूर्याप्रमाणे लवकर उघडाव्यात.