इपॉक्सी पक्कं होईपर्यंत

एकाच डब्यातलं इपॉक्सी, एकाच दिवशी लावलेलं, एकाच ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून कापलेल्या पट्ट्या. तरी पाच नमुने ओढून तोडले आणि पाच निरनिराळे आकडे आले. माझ्या हातून पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी आधी इपॉक्सीवर संशय घेतला, मग पृष्ठभागाच्या घासकामावर. न तोडता राखून ठेवलेला एक नमुना मायक्रोमीटरखाली धरला तेव्हा उलगडा झाला. सांध्यातला थर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, म्हणजे पाचरीसारखा झाला होता. पट्ट्या मी सी-क्लॅम्पने हाताच्या अंदाजाने आवळल्या होत्या.

एएसटीएम डी १००२ या प्रचलित चाचणीसाठी १०१.६ मिमी लांब, २५.४ मिमी रुंद आणि १.६२ मिमी जाड अशा दोन पट्ट्यांची टोकं १२.७ मिमी एकमेकांवर ठेवून चिकटवतात. चिकटलेलं क्षेत्र जेमतेम ३२३ चौरस मिमी, बोटाच्या पेराएवढं. इपॉक्सीची ताकद दर चौरस मिमीला २० न्यूटन धरली तर हा सांधा तुटायला सुमारे ६,४५० न्यूटन, म्हणजे साडेसहाशे किलोहून जास्त भार लागतो. हा भार सगळ्या क्षेत्रावर सारखा पसरत नाही. चढवणीच्या, म्हणजे पट्ट्या एकमेकांवर येतात त्या भागाच्या, दोन टोकांना ताण सर्वाधिक असतो, मध्यावर कमी. हे गणित फोल्कर्सनने १९३८ मध्ये मांडलं. दोन पट्ट्या एका रेषेत नसल्यामुळे सांधा ओढताना वाकतोही, ते गोलंड आणि राइसनर यांनी १९४४ मध्ये हिशेबात घेतलं. सगळा खेळ टोकांचा आहे आणि पाचर नेमकी तिथेच जाडी बदलते.

इपॉक्सी पक्कं होईपर्यंत पट्ट्या धरून ठेवणाऱ्या फिक्श्चरला तीन कामं असतात: पट्ट्या जागेवर बसवणं, थराची जाडी ठरवणं आणि दाब देणं. सी-क्लॅम्पचा एकच स्क्रू ही तिन्ही कामं करायला बघतो. ती वेगवेगळ्या भागांकडे सोपवायला हवीत.

जाडीचं उदाहरण गवंड्याकडे आहे. गिलावा करताना तो आधी भिंतीवर ठरावीक जाडीचे ठिपके देतो, मग त्यांवरून पट्टी फिरवतो. हात कितीही जोरात चालला तरी गिलावा ठिपक्यांपेक्षा पातळ होत नाही. इपॉक्सीत हे काम काचेचे सूक्ष्म मणी करतात. ०.२ मिमी व्यासाचे, थोडेसेच, नीट मिसळलेले. मणी नसतील तर त्याच जाडीच्या दोन तारा ओढण्याच्या दिशेला समांतर ठेवता येतात. बेस प्लेटला पायरी कोरून जाडी ठरवण्याचा मोह मलाही झाला होता. पण पत्र्याची जाडी जागोजागी थोडी बदलते आणि तेवढी चूक सरळ थरात उतरते. मणी मात्र प्रत्यक्ष त्या दोन पृष्ठभागांमधलंच अंतर राखतात.

जागेवर बसवण्यासाठी तीन-दोन-एकचा जुना नियम पुरतो. पट्टी सपाट बेस प्लेटवर टेकली की तीन बिंदू झाले, लांब कडेला दोन डॉवेल पिना आणि टोकाला एक. दोन्ही टोकांच्या पिनांच्या आतल्या कडांमध्ये १९०.५ मिमी अंतर ठेवलं की चढवण आपोआप १२.७ येते. पट्टी अर्धा मिमी आखूड कापली गेली, तर चढवण तेवढीच कमी होते, म्हणजे जवळजवळ चार टक्के. म्हणून सगळ्या पट्ट्या एकत्र बांधून त्यांची टोकं मिलिंगवर एकाच फटक्यात काढून घ्याव्यात. शिवाय प्रत्येक नमुन्याची चढवण मोजून खऱ्या क्षेत्रावरूनच ताकद काढावी.

आता ती जागा, जिथे बहुतेकांची गफलत होते. वरची पट्टी खालच्या पट्टीवर चढलेली असते, त्यामुळे तिचं मोकळं टोक अधांतरी राहतं. त्याखाली आधार हवा आणि त्याची उंची पट्टीची जाडी अधिक थराची जाडी, म्हणजे १.८२ मिमी. आधार दिलाच नाही आणि टोक खाली टेकलं, तर चढवणीच्या १२.७ मिमीत सुमारे ०.२६ मिमीची पाचर उघडते. ती आपल्या थरापेक्षाही मोठी आहे! थराचे ०.२ धरायचे राहिले, तरी ०.०३ ची पाचर उरते. उपाय साधा आहे. त्याच पत्र्याचा तुकडा आणि त्यावर ०.२ मिमीची शिम. हा आधार चढवणीपासून लांब ठेवायचा, नाहीतर बाहेर आलेलं इपॉक्सी त्यालाही धरून ठेवतं. याच कारणाने बेस प्लेटमध्ये चढवणीच्या खाली खाच असावी आणि आधारांवर टेफ्लॉनची फिल्म. सिलिकॉनचा स्प्रे जवळपासही आणू नका. तो न दिसता चिकटण्याच्या पृष्ठभागावर बसतो.

दाबासाठी मी स्प्रिंग वापरतो. पेस्ट इपॉक्सीला दर चौरस मिमीला ०.१ न्यूटन पुरला असं धरू, म्हणजे नमुन्यामागे सुमारे ३० न्यूटन. दर मिमीला ६ न्यूटनची स्प्रिंग ५ मिमी दाबली की तो मिळाला. पक्कं करायला ओव्हनमध्ये ठेवलेलं इपॉक्सी आधी पातळ होतं, पसरतं आणि थर, समजा, ०.३ मिमीने बसतो. स्प्रिंगचा जोर तेव्हा ३० वरून फक्त २८ वर येतो. सी-क्लॅम्पचा ताठर स्क्रू त्या बसणाऱ्या थरामागे जात नाही, जोर जवळजवळ संपतो. पाच नमुन्यांवर एकच आडवी पट्टी ठेवली तर ती सर्वांत उंच नमुन्यांवरच टेकते, म्हणून प्रत्येकाला स्वतःची स्प्रिंग आणि दाबाचा ठोकळा. ओव्हन १२० अंशांच्या वर न्यायचा असेल, तर स्प्रिंग स्टेनलेसची घ्यावी.

बेस प्लेट पोलादाची केली तर अडचण येते. २५ वरून १२० अंशांवर जाताना १९०.५ मिमीच्या अंतरात ॲल्युमिनियम पोलादापेक्षा सुमारे ०.२ मिमी जास्त वाढतं. दोन्ही टोकांच्या पिना पट्ट्यांना आत ढकलतात आणि इपॉक्सी घट्ट होत असतानाच तिरपं सरकतं. म्हणून बेस प्लेटही ॲल्युमिनियमची घ्यावी. ते जमत नसेल, तर स्प्रिंगा चढवल्यावर एका टोकाची पिन काढून घ्यावी.

जड बेस प्लेट तापायला वेळ लागतो. ओव्हनच्या डायलवर १२० दिसले तरी सांध्यात ते आलेले नसतात. एका फुकट घालवायच्या नमुन्याच्या थरात थर्मोकपल ठेवावा आणि वेळ त्याच्या आकड्यापासून मोजावा.

सगळं खोलीच्या तापमानाला येईपर्यंत फिक्श्चर उघडायचं नाही. मग स्प्रिंगा सोडायच्या आणि प्रत्येक चढवणीच्या चारही कोपऱ्यांवर मायक्रोमीटर लावून, चिकटवण्याआधी टिपलेली दोन पट्ट्यांची जाडी वजा करायची. माझा नियम असा, की चार आकड्यांत ०.०२ हून जास्त फरक असेल तर तो नमुना मशीनला लावायचाच नाही, आधी आधारावरची शिम तपासायची.