व्हॅक्सिनमधली गाय

नात शाळेत फ्रेंच शिकते. परवा तिनं पुस्तकातली गाय दाखवून सांगितलं, "आजी, हिला 'वाश' म्हणायचं." दुभत्या जनावराचं ते नाव मला ओळखीचं वाटलं आणि मी शब्दकोश काढला. नर्स म्हणून एकतीस वर्षं बर्फाच्या पेटीतून काढून कुपीतलं जे व्हॅक्सिन मी बाळांना टोचलं, त्याच्याच नावात ही गाय होती.

लॅटिनमध्ये 'वक्का' म्हणजे गाय. त्यावरून 'वक्किनुस', म्हणजे गायीचा. इंग्लंडमधल्या बर्कली गावच्या डॉक्टर एडवर्ड जेन्नरनं गायीच्या देवींना 'व्हॅरिओली व्हॅक्सिनी' म्हटलं, 1798च्या पुस्तकात. सेरा नेल्म्स ही गवळण धार काढायची, तिच्या हातावर सडावरच्या फोडांची लागण झाली होती. 14 मे 1796 रोजी त्या फोडातलं पाणी जेन्नरनं जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात टोचलं. पुढे खऱ्या देवींचं पाणी टोचूनही मुलगा ठणठणीत राहिला. ते मूल माझ्यासमोर बसलं असतं तर माझा हात थरथरला असता.

पुढे 1881 साली फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरनं जेन्नरच्या सन्मानार्थ सुचवलं, की 'व्हॅक्सिन' हाच शब्द सगळ्याच रोगांच्या प्रतिबंधक टोचणीला वापरावा. तेव्हापासून कोंबड्यांच्या कॉलऱ्यापासून कुत्रं चावल्यावरच्या इंजेक्शनपर्यंत सगळीकडे गाय आली.

आपल्या भाषेनं मात्र गाय घेतली नाही. 'लस' म्हणजे फोडातून झिरपणारं पाणी, हातात आलेली वस्तूच. मुंबईत 14 जून 1802 रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, ती भारतातली पहिली. मग तिच्या फोडातली लस काढून दुसऱ्या मुलांना टोचली. पाणी एका दंडातून दुसऱ्या दंडात जायचं, म्हणून नाव अगदी नेमकं वाटतं. माझी आई तर 'देवी काढल्या' एवढंच म्हणायची.

माझ्या दंडावर त्या देवींचे दोन गोल वण आहेत. नातीच्या दंडावर एकच, क्षयाच्या बीसीजी लशीचा. तिनं विचारलं, "यात गाय नाही ना?" आहे, आणि खरीच आहे. काल्मेत आणि गेराँ यांनी लील शहरात तेरा वर्षं सौम्य करत नेलेला या लशीतला जंतू मुळात गायीच्या क्षयाचा.