धम्मदीक्षेला कलेक्टरची परवानगी?

दसरा जवळ आला की धुळ्यातील आमच्या कार्यालयात पक्षकारांपेक्षा समाजबांधवांचीच वर्दळ वाढते. कुणाला नागपूरच्या गाडीची चौकशी करायची असते, कुणाला वर्गणीची पावती हवी असते. अशाच गर्दीत एक पाव्हणे आले. मूळचे साक्री तालुक्यातले, पंचवीस वर्षांपासून गुजरातेत यंत्रमागावर राबणारे. त्यांच्या वस्तीतील काही कुटुंबांनी धम्मदीक्षा घ्यायचे ठरविले होते. पिशवीतून त्यांनी कागदांचा गठ्ठा काढला. परवानगीच्या अर्जाची प्रत, त्यावर पोच-शिक्का, मग 'अधिक माहिती सादर करावी' असे पत्र, मग पुन्हा अर्ज. कित्येक महिने झाले, उत्तर नाही. पाव्हण्यांनी आमच्याकडे पाहिले आणि अहिराणीत विचारले, "आमना मनना धरम लेवाले साहेबनी परवानगी कसाले?"

आम्ही कायद्याचे पदवीधर. वीस वर्षांपासून काळा कोट घालतो. पण या साध्या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर आम्हाला देता आले नाही.

गुजरातचा कायदा २००३ चा आहे. त्याचे नाव 'धर्मस्वातंत्र्य अधिनियम'. नावाची थट्टा वाचकांनीच ओळखावी! जो कुणी विधी करून दुसऱ्याला धर्मांतरित करील त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी, आणि ज्याने धर्म बदलला त्याने नंतर कळवावे. हे न केल्यास एक वर्षापर्यंत कैद. जबरदस्ती वा आमिष सिद्ध झाले तर तीन वर्षे. धर्मांतरित होणारी व्यक्ती अल्पवयीन, स्त्री, किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर शिक्षा चार वर्षांपर्यंत. म्हणजे चाळिशीतला, पदवी घेतलेला, घर चालवणारा आमचा माणूस कायद्याच्या डोळ्यांत अज्ञान बालकाच्या रांगेत बसतो. त्याला स्वतःची बुद्धी आहे हेच या कायद्याला मान्य नाही. मनूलाही ते मान्य नव्हते.

२००६ साली त्या राज्याने आणखी एक चाल खेळली. बौद्ध आणि जैन हे हिंदू धर्माचेच पंथ आहेत असे दुरुस्ती विधेयकात घुसडले. राज्यपालांनी ते परत पाठविले. पण कार्यालयांतून तीच भाषा चालू राहिली. बौद्ध म्हणजे हिंदूच, तेव्हा परवानगीची गरज नाही, असे सांगून अर्ज निकाली काढले जात, आणि दीक्षा घेतलेला माणूस कागदावर हिंदूच राही. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक निघाले की बौद्ध हा स्वतंत्र धर्म समजावा आणि पूर्वपरवानगी घ्यावी. तिकडच्या काही धम्मबांधवांनी त्याचे स्वागत केले. त्यांचे म्हणणे आम्ही समजू शकतो; स्वतंत्र धर्म म्हणून सरकारी कागदावर मान्यता मिळाली. पण ती मिळाली कशासाठी? परवानगीच्या रांगेत उभे करण्यासाठी.

आता १४ ऑक्टोबर १९५६ आठवा. महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, आणि मग स्वतः उभे राहून लाखोंना दिली. आजचा गुजरातचा कायदा त्या दिवशी नागपुरात असता तर बिनपरवाना धर्मांतर घडविल्याबद्दल आरोपी क्रमांक एक कोण झाले असते? ज्यांनी मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसाराचा हक्क देशाला दिला, ते! हे केवळ कल्पनेचे खेळ नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीत दीक्षा समारंभाला हजर राहून बावीस प्रतिज्ञा म्हटल्याबद्दल राजेंद्र पाल गौतम यांना मंत्रिपद सोडावे लागले, पोलिसांची चौकशी झाली.

धुळ्याच्या माणसाला हा प्रश्न लांबचा वाटू नये. मुंबई-आग्रा रस्त्याने सेंधव्याकडे गेलात की मध्य प्रदेशचा २०२१ चा कायदा लागतो; तिथे साठ दिवस आधी कलेक्टरला कळवावे लागते. नवापूरकडून गेलात की गुजरात. महाराष्ट्रातही असा कायदा आणण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. धर्माचा अभ्यास करायला पोलीस!

या साऱ्या कायद्यांना आधार आहे तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या स्टॅनिस्लॉस निकालाचा. प्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क. दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा नव्हे, असे पाच न्यायमूर्ती म्हणाले. आम्ही न्यायालयाचा आदर करतो, पण हा निकाल आम्हाला कधीच पटला नाही. समजावून सांगितल्यावर समोरच्याला पटले तर काय करायचे?

ग्रीसमधील एका म्हाताऱ्याची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. मिनोस कोक्किनाकिस हे यहोवाचे साक्षीदार या छोट्या पंथाचे. धर्मप्रसाराला गुन्हा ठरविणाऱ्या १९३८ च्या कायद्याखाली आणि इतर कारणांनी त्यांना साठहून अधिक वेळा अटक झाली, कित्येकदा तुरुंगवास झाला. मार्च १९८६ मध्ये ते पत्नीसह एका बाईंच्या घरी धर्माविषयी बोलायला गेले. बाईंचे पती चर्चमधले गायक. त्यांनी पोलिसांना कळविले. पुन्हा शिक्षा. म्हाताऱ्याने युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली आणि १९९३ साली जिंकली. शेजाऱ्याला पटवून देण्याचा प्रयत्न हा धर्मस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे त्या न्यायालयाने मानले. आमच्या तरुण वकिलांनी हा निकाल मुळातून वाचावा.

तुरुंग मात्र ओस पडलेले नाहीत. तिबेटमध्ये सहा वर्षांच्या गेधुन चोक्यी न्यिमाला पंचेन लामा म्हणून मान्यता मिळाली आणि तीन दिवसांत, १७ मे १९९५ रोजी, चीनने त्याला उचलून नेले. तेव्हापासून तो जगाला दिसलेला नाही. व्हिएतनामचे भिक्खू थिच क्वांग डो यांनी सरकारी संघात सामील व्हायचे नाकारले. तुरुंग, हद्दपारी, विहारातच नजरकैद, असे करीत २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. रशियाने २०१७ साली यहोवाच्या साक्षीदारांवर बंदी घातली आणि घरी प्रार्थना करणाऱ्यांना कैदेत टाकले. अशा कैद्यांची यादी ठेवण्याचे काम अमेरिकेचा आयोग करतो. तो १९९८ च्या कायद्याने स्थापन झाला. अमेरिकेचे हेतू धुतल्या तांदळासारखे आहेत असे आम्ही मानत नाही. तरीही कैद्याचे नाव कुठेतरी लिहिलेले असणे, त्याच्या नावाने परदेशातून पत्र येणे, याने तुरुंगाधिकाऱ्याचा हात जरा आखडतो.

आम्ही किती पत्रे लिहिली? बामियानच्या मूर्ती २००१ मध्ये फुटल्या तेव्हा आम्ही मोर्चे काढले, ते योग्यच होते. जिवंत भिक्खूंसाठी मात्र आमच्या चळवळीत एक ठरावही क्वचितच होतो. आणि म्यानमारमध्ये २०१७ साली सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान देश सोडून पळाले, त्याआधी चीवर घातलेले काही लोक त्यांच्याविरुद्ध विष ओकत होते, तेव्हा आमच्यापैकी अनेकांनी विषय बदलला. आम्हीही बदलला होता. ते चुकले.

याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचने दिली, सानेगुरुजींनी ती लिहून घेतली. गीतेशी आमचे मतभेद जाहीर आहेत. पण परक्या सरकारनेही त्या कैद्याला, तुझ्या धर्मावर बोलायची परवानगी कलेक्टरकडून आण, असे म्हटले नाही. आणि याच धुळ्यात ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब खटल्यासाठी वकील म्हणून आले होते. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आजही त्या दिवशी यात्रा भरते.

पाव्हण्यांना आम्ही तीन गोष्टी सांगितल्या. अर्जाची पोच जपून ठेवा. माहितीच्या अधिकारात विचारा की अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस पडून आहे. आणि प्रत्येक सज्ञान माणसाने, बायकांनीही, आपण स्वेच्छेने दीक्षा घेत आहोत असे स्वतंत्र प्रतिज्ञापत्र करावे. एकाने सगळ्यांच्या वतीने सही करू नये. नकार आला तर अहमदाबादच्या उच्च न्यायालयात जाऊ, तिथल्या आमच्या वकीलबांधवांशी बोलणे झाले आहे. त्यांनी कागद पुन्हा पिशवीत भरले. दारात थांबून म्हणाले, "वकीलसाहेब, तोवर बायकोने घरात बुद्धवंदना म्हटली तर चालेल ना? की त्यालाही अर्ज लागतो?"

नाही लागत, असे आम्ही सांगितले.