लोकरीला कसर लागू नये म्हणून

माण, आटपाडी, जत भागातल्या मेंढपाळ बांधवांची एक तक्रार नेहमीची. लोकरीला भाव नाही, कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही. खरं आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, गिरणीवाले तिला विचारत नाहीत. पण घोंगडी आणि जेन विणणारे सणगर कारागीर अजून ती घेतात. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेत घोंगड्यांची दुकानं लागतात ती याच लोकरीवर. अडचण अशी की गिऱ्हाईक येईपर्यंत पोत्यातला माल कसरीनं खाल्लेला असतो. मग आहे तो भावही हातचा जातो.

कसर म्हणजे काय ते नीट समजून घ्या. घरात फिरणारा बारीक, भुऱ्या-सोनेरी रंगाचा पतंग लोकर खात नाही. त्याला खायला तोंडच नसतं. खाते ती त्याची अळी. मादी चाळीस-पन्नास अंडी घालते, तीही अंधारात आणि हलवाहलव नसलेल्या जागी. घाम, मूत, लेंडीचा डाग असलेली लोकर अळीला जास्त मानवते. म्हणून कातरणीआधी मेंढरं ओढ्यात धुण्याची आपल्या वाडवडिलांची रीत सोडू नये. पोटाखालची, शेपटीकडची घाण लोकर वेगळी काढावी, चांगल्यात मिसळू नये.

दुसरं, ओल. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी पिते, तरी हाताला ओली लागत नाही. इथंच माणूस फसतो. अशी लोकर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली की बुरशी धरते, पिवळी पडते, कुबट वास मारते. दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरून, सावलीत थंड करून मगच जुन्या सुती धोतरात किंवा घट्ट विणीच्या सुती पोत्यात बांधा. सुताला अळी सहसा तोंड लावत नाही. पोतं जमिनीवर नको, भिंतीला टेकूनही नको. फळीवर ठेवा.

कडुलिंबाचा पाला घालावा, पण नुसत्या त्याच्यावर विसंबू नये. पाल्याच्या वासानं पतंग थोडा बिचकतो, आत शिरलेली अळी मरत नाही. डांबराच्या गोळ्या झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या पेटीतच कामाच्या. उघड्या पोत्यात वास उडून जातो. त्या कागदात गुंडाळून, पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. जुनी माणसं बी.एच.सी. पावडर टाकायची, तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. आणि धान्यात घालतात त्या विषारी गोळ्या राहत्या घरात लोकरीसाठी अजिबात वापरू नका. त्या गॅसनं माणसं दगावतात.

सगळ्यात स्वस्त औषध ऊन. महिन्या-दीड महिन्यानं पोतं सोडा, लोकर झटका, पत्र्यावर दुपारभर उलटसुलट करा. उन्हानं अळ्या मरतात, झटकल्यानं अंडी गळतात. घोंगडीचंही तसंच, घड्या दर वेळी बदलून घाला. पावसाळ्यात उघडीप मिळाली की आधी हे काम उरका. झटकलेला केर मात्र गोठ्यात टाकू नका, जाळून टाका.